दोन माणसांची मोटार

चैत्र सरत आला की माझ्या मोटारीचं डावं दार वाजायला लागतं. पावसाळ्यात फुगून घट्ट बसणारं, थंडीत गप्प असणारं हे दार वैशाखाची पहिली झळ लागली की आतल्या आत आकसतं आणि प्रत्येक खड्ड्यागणिक कुरकुरतं. मनीषनगरच्या वळणावर गर्दीत गाडी थांबली की शेजारचे स्कूटरवाले वळून बघतात. त्यांना ते कुरकुरणं ऐकू येत नाही. ते हिरवा रंग बघतात, तारांची चाकं बघतात आणि या वयात म्हाताऱ्याला हे काय सुचलं, अशा नजरेनं मलाही बघतात. मला मात्र उन्हाळाभर त्या दाराशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही.

गाडीच्या कंपनीचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की वाचणारे गाडीबद्दलच बोलायला लागतील. किती सालची, किती पळते, सुटे भाग कुठून मिळवले. थंडीत हौशी मंडळी जुन्या गाड्या घेऊन एकत्र जमतात, तिथेही हेच विचारतात. एखादा जाणकार दाराच्या आतून हात फिरवतो आणि म्हणतो, काका, हे लाकूड मूळचं नाही वाटत. मी म्हणतो, नाही, सागवान आहे. तो म्हणतो, काम मात्र सुरेख झालंय. मी मान डोलावतो. इतकी वर्षं मी ही मान डोलावत आलो आहे आणि दर वेळी मला स्वतःची लाज वाटली आहे.

आम्ही कोष्टी. गोळीबार चौकाच्या मागे आमची गल्ली होती आणि गल्लीत घर तिथे माग होता. उन्हाळ्यात दिवस फार लवकर उजाडायचा, कारण ताण्याला खळ लावायची ती ऊन चढायच्या आत. गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सूत ताणून धरायचं आणि दोन्हीकडून माणसं मोठे कुंचे घेऊन ज्वारीच्या पिठाची खळ त्यावर फिरवत जायची. त्या खळीचा आंबूस वास अजून माझ्या नाकात आहे. आठ वाजता गल्ली मोकळी व्हायची, दहा वाजता तापायची, आणि मग घराघरांतून आडवं सूत नेणाऱ्या धोट्यांची खटखट सुरू व्हायची. नागपूरच्या कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं, म्हणून आई मागाखालच्या खड्ड्यात सकाळ-दुपार पाणी शिंपायची. बाबा त्या ओल्या मातीवर पाय सोडून बसायचे. सगळ्या घरात तेवढीच काय ती थंड जागा, आणि ती आम्हां पोरांना मिळायची नाही याचा मला फार राग यायचा.

माग आजोबांनी केलेला. पारशिवनीकडच्या जंगलातलं सागवान त्यांनी बैलगाडीतून आणलं, आणि ते नीट वाळेपर्यंत सुताराला हात लावू दिला नाही, असं बाबा सांगायचे. पुढे चाळीस-पन्नास वर्षं त्यावर दोराचं आणि हातांचं घासणं झालं. उजवीकडच्या आडव्या लाकडावर दोर घासून एक खाच पडली होती, बोट अचूक बसेल अशी. लहानपणी मी तिच्यातून चिंचोके सोडायचो.

सत्तेचाळीस साली मी तेरा वर्षांचा होतो. त्या उन्हाळ्यात सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांतून सामान बाहेर निघत होतं, साहेब लोक विलायतेला चालले होते. मी बाबांबरोबर सदरला एका गिऱ्हाइकाकडे लुगडी पोचवायला गेलो होतो. उन्हातून एक गाडी आली. बसकी, उघडी, हिरवीगार, आणि तिच्यात एक गोरा माणूस डोक्याला रुमाल बांधून एकटाच. ती वळणावर जराशी कलली आणि गेली, एवढंच झालं. मी लुगड्यांचं गाठोडं रस्त्यावर टाकून तिच्यामागे धावलो. बाबा रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी गाठोडं झटकलं आणि विचारलं, "किती माणसं बसतात गा तिच्यात?"

मी म्हटलं, "दोन."

"मंग तुही माय कुठी बसन?" असं म्हणून ते घरापर्यंत हसत आले. पुढे कित्येक वर्षं घरात कुणी पाहुणा आला की बाबा त्याला सांगायचे, आमचा शंकर मोटार घेणार आहे, पण माय-बापातून एकालाच नेणार आहे.

सतराव्या वर्षी मी माग सोडला आणि सदरमधल्या एका गॅरेजात करीमचाचांच्या हाताखाली लागलो. गल्लीत कुजबुज झाली. बाबांनी कुरकूर केली नाही. हात चालवूनच खाणार आहे ना, मग धोटा काय अन् पाना काय, असं त्यांनी शेजाऱ्यांना सुनावल्याचं आईनं मला सांगितलं. मला तेव्हा त्यांचं ते मोठेपण कळलं नाही. सुटलो, इतकंच वाटलं.

ती हिरवी गाडी साहेब जाताना एका देशी अधिकाऱ्याला देऊन गेला होता, आणि ती आमच्याच गॅरेजात दुरुस्तीला यायची. चाचा इतर गाड्या मला आणि दुसऱ्यांना वाटून द्यायचे, पण तिला हात लावायचा तो मीच, असा अलिखित नियम झाला होता. तिच्या मडगार्डवरचा प्रत्येक ओरखडा मला पाठ होता. लग्नाच्या गोष्टी निघाल्या की मी टाळायचो, आणि आईला वाटायचं पोरगं कुठे तरी अडकलं आहे. अडकलोच होतो म्हणा.

छप्पन साली नागपूरची राजधानी गेली. कचेऱ्या भोपाळला हलल्या, अधिकारी बदलून गेले, सिव्हिल लाइन्समधले बंगले दुसऱ्यांदा रिकामे झाले. गाडी तोवर बंद पडून दोन पावसाळे चिंचेखाली उभी होती. तिच्या पत्र्याखाली जो लाकडी सांगाडा असतो, तो वाळवीनं पोखरला होता. अधिकाऱ्याच्या बायकोनं मला बोलावून सांगितलं की भंगारवाला तोडून नेण्यापेक्षा तू ने, तुझा जीव आहे तिच्यावर. मी दोन बैल मागून आणले आणि गाडी ओढत घरी आणली. सगळी गल्ली हसायला दारात उभी. बाबा तेव्हा अंगणात होते. त्यांना मोतीबिंदूनं नीटसं दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी जवळ येऊन गाडीला हात लावून पाहिला आणि बैलांना पाणी दाखवायला सांगितलं.

त्यांच्या डोळ्यांमुळे माग वर्षभर बंद होता. तुटलेला धागा दिसेना, तर विणणार काय. शेवटचं लुगडं अर्ध्याहून जास्त त्यांनी बोटांनीच विणलं, आणि ते उतरवून झाल्यावर मागावर एक जुनं धोतर पांघरून ठेवलं.

इथे मला आमच्या कामातली एक रीत सांगितली पाहिजे, कारण माझा सगळा गुन्हा तिच्यातच आहे. विणून संपलं तरी ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, शेवटची हातभर टोकं मागाच्या फणीतून ओढून काढत नाहीत. मूठमूठ धाग्यांच्या गाठी मारून ती तशीच ठेवतात. नवा ताणा आला की बोटांना राख लावून त्याचं एकेक टोक या जुन्या टोकाला पीळ देऊन जोडायचं, म्हणजे सगळं सूत फणीतून पुन्हा ओवत बसावं लागत नाही. जो माणूस काम कायमचं सोडतो, तो ही टोकं स्वतःच्या हातानं काढतो. ज्या मागात टोकं आहेत, तो माग कुणाची तरी वाट बघतो आहे. कोष्ट्याच्या घरात हे चार वर्षांच्या पोरालाही कळतं.

बाबांनी धोतर पांघरायच्या आधी टोकांच्या गाठी मारल्या होत्या. एकसारख्या, नीट ओळीनं, न दिसणाऱ्या डोळ्यांनी. मी ते पाहिलं होतं.

अठ्ठावन्नच्या फाल्गुनात त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. नंतर आराम हवा, डोळ्यांत औषध वेळेवर पडायला हवं, म्हणून आत्या त्यांना आणि आईला उमरेडला घेऊन गेली. मी घरी एकटा राहिलो. इंजिन तोवर करीमचाचांनी आणि मी मिळून जिवंत केलं होतं. अडलं होतं ते लाकडापाशी. लाकूड अड्ड्यावरून आणलेलं नवं सागवान चाचांनी नुसतं नखानं टोकरलं आणि बाजूला ठेवलं. म्हणाले, "कच्चा है बेटा. एक गर्मी में टेढ़ा हो जायेगा. बीस साल सूखी हुई लकड़ी ला." मी म्हटलं, आणतो. कुठून आणणार ते मला तिथेच उभ्या उभ्या कळलं होतं.

घरी येईपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होतो. गिरणीच्या कापडापुढे आता लुगडी घेतो कोण. साठीला आलेला माणूस, डोळे सुधारले तरी कितीसे सुधारणार. माग तसाही वाळवीच्या तोंडी जायचा. यातलं एकही कारण खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला ती फार आवडली.

गल्लीतले सगळे माग दुरुस्त करणारा एक म्हातारा सुतार होता. त्याला मी बोलावलं. त्यानं धोतर उचललं, फणीकडे पाहिलं आणि करवत खाली ठेवली. सूत असलेल्या मागाला तो हत्यार लावत नसे, ही त्याची रीत. "ज्याचं सूत त्यानंच काढावं," एवढं म्हणून तो ओट्यावर जाऊन बसला. मी त्याला सांगू शकलो असतो की बाबा उमरेडला आहेत, महिन्याभरानं ये. मी आईची कात्री घेतली आणि एकेक गाठ कापत गेलो. खाली पडलेलं सूत मऊ होतं, चांगलं होतं. गॅरेजात हात पुसायला असंच सूत लागतं. मी ते गोळा करून गाडीच्या सीटखाली ठेवून दिलं.

आणि आता जे लिहायला सगळ्यात जड जातं ते लिहितो. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा उन्हाळा होता. सकाळी अंगणातल्या सावलीत मी रंधा मारायचो. सुट्या केलेल्या मागाचं पन्नास वर्षांचं लाकूड, पण रंध्याखालून निघणाऱ्या सालीला ताज्या सागाचा वास यायचा. दुपारी लू सुटली की दार लावून घ्यायचो आणि चाचांनी काढून दिलेल्या मापांवर तासन्‌तास बसायचो. शेजारणीनं दिलेलं कैरीचं पन्हं तांब्यातच गरम व्हायचं. मागाच्या खड्ड्यात कुणी पाणी शिंपत नव्हतं, तिथली माती भेगाळली, आणि तिकडे माझं लक्षसुद्धा गेलं नाही. खाच पडलेलं लाकूड दाराला लागलं. ती खाच रंध्यानं काढायला हवी होती, पण लाकूड बारीक झालं असतं म्हणून आतल्या बाजूला वळवून तशीच ठेवली. शेवटी हिरवा रंग मारला. संध्याकाळी गाडी गल्लीतून फिरवली तेव्हा जे हसले होते तेच मागे धावत होते. मी गाणं म्हणत होतो.

बाबा ज्येष्ठ लागता लागता आले. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता, त्याआड डोळे एवढाले दिसत होते, आणि खांद्यावर धोतरात गुंडाळलेला नवा ताणा होता. चष्मा मिळाल्यापासून आत्याकडे बसून त्यांनी तो स्वतः केला होता, धागा न् धागा डोळ्यांनी बघून. अंगणात शिरताच ते गाडीपाशी थांबले. लहान मुलासारखे हसले आणि म्हणाले, "हिरवी हाय काय गा ही? मले त काळी वाटे." मग आई आत गेली आणि आतूनच तिनं विचारलं, "शंकर, माग कुठी हाय रे?"

बाबा आत गेले नाहीत. त्यांनी खांद्यावरचा ताणा ओट्यावर ठेवला, गाडीचं डावं दार उघडलं आणि आतल्या बाजूनं बोट फिरवत नेलं. बोट खाचेपाशी आलं आणि तिच्यात बसलं. मी त्यांच्या ओरडण्याची वाट बघत होतो. त्यांनी हळूच विचारलं, "अन् फणीतलं सूत?"

मी म्हटलं, "उंदरानं कुरतडलं होतं. फेकून देल्लं."

सीटखालचा तेलकट गोळा उघड्या दारातून दिसत होता. नव्या चष्म्यातून त्यांना तो दिसला की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही. ते "बरं" म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

त्यानंतरचे आठ दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. बाबा सकाळी उठून सवयीनं रिकाम्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे. आईनं तिथे पुन्हा पाणी शिंपायला सुरुवात केली होती, का ते तिलाच ठाऊक. एकदा मी धीर करून म्हटलं की मी नवा माग करून देतो, चांगलं लाकूड आणतो. बाबा म्हणाले, "आणशीन गा. पण वाळन कवा?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते खरंच हिशेब करत होते की तोवर आपण असू का.

बाबांनी आणलेला ताणा खुंटीवर तसाच लटकत होता. खळ लावलेल्या सुताला पावसाळी हवा लागली की बुरशी धरते आणि सगळी मेहनत मातीत जाते. मृग तोंडावर आलं होतं. एका सकाळी बाबांनी ताणा उतरवला, पुन्हा धोतरात गुंडाळला आणि मला विचारलं, मला उमरेडला सोडतोस का. आत्याचा मुलगा गिरणीत लागला होता आणि तिच्या घरचा माग मोकळा होता.

गाडीचा तो पहिला लांबचा प्रवास. पहाटेच निघालो. बाबा माझ्या डाव्या हाताला, ताणा मांडीवर दोन्ही हातांनी धरून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं पावसाची वाट बघत पडली होती, आणि वारा अजून गार होता. वारा लागून सुताची टोकं उडू नयेत म्हणून त्यांनी धोतर घट्ट आवळलं. इंजिन एकसुरात चालत होतं. कुठे कुचराई नाही, कुठे ठोका नाही. मला माफी मागायची होती. कुहीच्या फाट्याला मागू असं ठरवलं, मग उमरेडच्या अलीकडे मागू असं ठरवलं. पण रस्ता चांगला लागला की पाय आपोआप दाबला जायचा आणि छातीत आनंद उसळायचा, आणि त्या आनंदात माफीचे शब्द तोंडातून निघेनात. बाबा एकदा म्हणाले, चांगली चालते गा. मी लाजलो. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवसानंतर बाबा नागपूरला राहायला आले नाहीत. पुढच्या आठवड्यात आईही बसनं त्यांच्याकडे गेली. ते बहिणीच्या घरात, बहिणीच्या मागावर, पाहुण्यासारखे सहा वर्षं विणत राहिले, आणि तिथेच गेले. मी दर महिन्याला जायचो. तिथल्या गल्लीतल्या पोरांना एकेक करून गाडीतून फिरवून आणायचो. आत्याकडे पोचलो की बाबा हातातलं काम थांबवून बाहेर यायचे आणि गाडीभोवती एक चक्कर मारायचे. सुताचं मी कधी बोललो नाही. उंदरांची गोष्ट तशीच राहिली.

पण त्यांना उमरेडला सोडलं त्या पहिल्या सकाळी मला थांबता आलं असतं. आत्यानं चहा ठेवला होता. तिच्या मागात जुनी टोकं होती. बाबांनी चुलीतली राख बशीत घेतली, खड्ड्यात पाय सोडले, चष्मा सारखा केला आणि पहिलं टोक जोडायला घेतलं. हजारांनी टोकं होती. दुसऱ्या बाजूला बसून सूत धरायला एक माणूस लागतो, आणि लहानपणी ते काम माझं होतं. मी दारात उभा होतो. खाली बसलो असतो तर बोलायची गरजच पडली नसती. बाबांनी वर न बघता म्हटलं, "निंघ गा तू. ऊन चढलं त गाडी तापन."

मी निघालो. आणि इतक्या वर्षांनी खरं सांगायचं, तर त्यांचा शब्द मोडवेना म्हणून निघालो नाही. मला खरोखरच गाडी तापायची काळजी वाटत होती.